पॅसेंजर विमानात डीजी (धोकादायक माल) भरताना रॅम्पवरच्या माणसाने नेमकं काय बघायचं?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की ॲक्सेप्टन्सवाल्यांनी (माल तपासून स्वीकारणाऱ्यांनी) चेकलिस्ट भरलेली असते, शिपरच्या म्हणजे माल पाठवणाऱ्याच्या डिक्लेरेशनवर सही असते, नोटॉक (कुठला डीजी कुठे ठेवलाय हे कॅप्टनला कळवणारा कागद) कॅप्टनकडे जाणार असतो, मग खाली होल्डच्या (विमानाच्या पोटातल्या मालाच्या जागेच्या) दारात उभ्या असलेल्या माणसाने डीजीच्या खोक्यात अजून काय बघायचं, आणि सुपरवायझर "कागद ओके आहेत रे, भर लवकर" म्हणाला की भरायचं की थांबायचं. मी २१ वर्षं याच कामात आहे, आधी बल्क होल्डमध्ये (जिथे माल कंटेनरशिवाय सुटा लावतात) गुडघ्यांवर बसून खोके लावले, मग लोड कंट्रोलला (विमानाचं वजन आणि बॅलन्स बघणाऱ्यांत) होतो, आता नवीन पोरांना डीजी शिकवतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाच.

कागद ओके याचा अर्थ एवढाच की शिपरने जे लिहिलंय ते नियमात बसतं. खोका ॲक्सेप्ट होऊन सहा तास झालेत, त्यानंतर तो फोर्कलिफ्टवर चढला, पॅलेटवर बांधला गेला, डॉलीवरून (माल ओढून न्यायच्या गाडीवरून) पावसातून आला, मधे कुणीतरी त्याच्यावर पाय देऊन नेट ओढली, यातलं कागदाला काय कळणार? म्हणून तर नियमातच आहे की ॲक्सेप्टन्सला तपासलेला डीजी विमानात जायच्या आधी परत बघायचा. गळत नाही ना, फाटला नाही ना, आणि कंटेनरमध्ये जाणार असेल तर आत ठेवायच्या आधी खोका बघायचा आणि विमानात घ्यायच्या आधी कंटेनर बघायचा की कुठून काही झिरपत नाही. हे आयकाओच्या (विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या) टेक्निकल इन्स्ट्रक्शन्समध्ये आहे आणि आपण रोज जे जाडजूड डीजीआर म्हणजे डीजीच्या नियमांचं पुस्तक उघडतो त्या आयाटाच्या (एअरलाइन्सच्या संघटनेच्या) पुस्तकातही आहे, जे दरवर्षी १ जानेवारीला नवीन लागू होतं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या पाठांतरावर जाऊ नकोस.

आता पॅसेंजर विमानाला एवढं कडक का, हे आधी डोक्यात बसव, मग बाकीचे नियम पाठ करायची गरजच पडत नाही. केबिनच्या खालच्या होल्डमध्ये उड्डाणात कुणीही जाऊ शकत नाही. तिथे स्मोक डिटेक्टर असतो, वरून बटण दाबलं की हॅलॉन (आग विझवायचा वायू) सुटतो, आणि बस्स, तेवढंच हातात. खोका उचलून बाजूला ठेवणं, उलटी पडलेली बाटली सरळ करणं, काय गळतंय ते बघणं, यातलं काहीच होत नाही. मालवाहू विमानाच्या मेन डेकवर निदान क्रू चालत जाऊन बघू शकतो, आणि म्हणूनच जो माल फक्त कार्गो विमानातच न्यायचा तो तिथे हात पोचेल अशा जागी ठेवायचा नियम आहे, काही अपवाद सोडले तर. आपल्याकडे दार बंद झालं की विषय संपला.

त्यावरून पहिली गोष्ट, केशरी लेबल. कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली, आपण सीएओ म्हणतो ते. हे लेबल दिसलं की पॅसेंजर विमानात जायचं नाही, कुणाच्याही तोंडी परवानगीने नाही. गंमत अशी की आतला माल दोन्हीकडे तोच असू शकतो. ॲसिटोन घे, यूएन १०९० (प्रत्येक डीजीला असा ठरलेला यूएन नंबर असतो), पॅकिंग ग्रुप दोन म्हणजे मध्यम धोका. पॅसेंजर विमानात एका खोक्यात ५ लिटरपर्यंत चालतं, कार्गो विमानात ६० लिटरपर्यंत. नाव तेच, नंबर तोच, लाल ज्वालेचं लेबल तेच, फरक फक्त केशरी लेबलाचा, आणि ते लेबल नेमकं पॅलेटच्या आतल्या बाजूला वळलेलं असतं. माझ्यासमोर असं एकदा झालंय, पॅलेट तयार होऊन विमानाखाली आलेलं, लोडिंग सुरू होणार, आणि एका लोडरला दोन ड्रमच्या फटीतून केशरी कडा दिसली. बिल्ड-अपवाल्यांनी (पॅलेट बांधणाऱ्यांनी) दोन फ्लाइटचे लॉट शेजारी ठेवले होते आणि एक ड्रम चुकून इकडे आला होता. कागदावर त्या ड्रमचा पत्ताच नव्हता, म्हणजे कागद एकदम ओके. त्या पोराचं कौतुक कुणी केलं नाही उलट डिले कुणाच्या नावावर टाकायचा यावर भांडण झालं, ते असो.

तर खोक्याच्या सगळ्या बाजू बघायच्या. ज्या बाजू दिसत नाहीत त्या दिसतील असं फिरव. आणि जुन्या लेबलाचा अर्धा फाटलेला चौकोन, पुसट झालेला यूएन नंबर, वापरलेल्या खोक्यावर खोडलेलं चिन्ह दिसलं तर विचार, कारण दोनच शक्यता आहेत, जुना खोका साध्या मालाला वापरलाय किंवा कुणीतरी डीजी साधा म्हणून पाठवतोय. दुसरी शक्यता वाटते तेवढी दुर्मिळ नाही.

इथे १९९६ ची गोष्ट सांगावीच लागते. ११ मे, मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेटचं डीसी-९, फ्लाइट ५९२, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पडलं, ११० लोक गेले. पुढच्या होल्डमध्ये केमिकल ऑक्सिजन जनरेटर होते, तेच जे केबिनच्या छतातून मास्क पडले की ऑक्सिजन देतात. मुदत संपलेले पण न वापरलेले, म्हणजे आत केमिकल पूर्ण शाबूत, आणि फायरिंग पिनवरच्या सेफ्टी कॅप लावलेल्या नव्हत्या. कागदावर त्यांना रिकामे म्हटलेलं. सोबत टायर. म्हणजे आग लावणारं, तिला ऑक्सिजन पुरवणारं आणि जळणारं, तिन्ही एकाच होल्डमध्ये. तो होल्ड क्लास डी होता, त्यात डिटेक्टरही नाही आणि विझवायची सोयही नाही, हवाबंद होल्डमधला ऑक्सिजन संपला की आग आपोआप मरेल हा हिशोब, पण इथे मालच ऑक्सिजन तयार करत होता. त्यानंतर अमेरिकेत पॅसेंजर विमानांच्या असल्या होल्डना डिटेक्टर आणि हॅलॉन बसवणं सक्तीचं झालं.

माझ्या दृष्टीने त्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा असा की तो माल बाहेरच्या शिपरचा नव्हता, कंपनीचाच होता. कॉमॅट म्हणतात त्याला, कंपनी मटेरियल. स्वतःच्या इंजिनिअरिंगचा खोका आला की आपण सैल पडतो, आपलीच माणसं आहेत म्हणून. विमान कुठेतरी अडकून पडलंय, पार्ट तातडीने हवाय, अशा वेळी तर कुणी खोका उघडूनही बघत नाही. ऑक्सिजन बाटली, फायर एक्स्टिंग्विशर, आत इंधन शिल्लक असलेला फ्युएल कंट्रोलचा पार्ट, लाइफ राफ्ट ज्याच्यात गॅसची सिलिंडर असते, हे सगळं डीजी आहे. एअरलाइनचा लोगो खोक्यावर असला म्हणून आतलं केमिकल ओळख दाखवत नाही.

लिथियमवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून नीट सांगतो. सुट्ट्या लिथियम मेटल बॅटऱ्या, यूएन ३०९०, पॅसेंजर विमानात कार्गो म्हणून १ जानेवारी २०१५ पासून बंद. सुट्ट्या लिथियम आयन, यूएन ३४८०, १ एप्रिल २०१६ पासून बंद. उपकरणात बसवलेल्या किंवा उपकरणासोबत पॅक केलेल्या, म्हणजे यूएन ३४८१ आणि ३०९१, मर्यादेत चालतात. त्यामुळे पॅसेंजर फ्लाइटच्या डॉलीवर ३४८० दिसला की नंबर परत वाच, आणि खरंच ३४८० असेल तर तिथेच थांब, बाकीचं वजन वगैरे बघायची गरज नाही. कारण काय तर एका सेलमध्ये थर्मल रनअवे (उष्णता आपोआप वाढत जाणं) सुरू झाला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते, त्याची पुढच्याला, आणि हॅलॉन ज्वाला दाबतो पण ही साखळी थांबवत नाही, उलट आतून जे ज्वलनशील वायू निघतात ते होल्डमध्ये साठत जातात. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईत यूपीएसचं ७४७ मालवाहू पडलं, त्यात मोठ्या प्रमाणावर लिथियम बॅटऱ्या होत्या, आगीचा पहिला इशारा आणि विमान पडणं यात साधारण अर्धा तास गेला. दोघंच होते विमानात, दोघंही गेले.

कार्गो विमानातसुद्धा यूएन ३४८० ला चार्ज ३० टक्क्यांच्या वर चालत नाही. आणि खोका चेपला असेल, कोपरा दबला असेल तर "आत काय काचेचं सामान थोडीच आहे" असं म्हणायचं नाही, बॅटरीला आतून मार लागला तर ती लगेच नाही, काही तासांनी पण पेटू शकते. चेपलेला लिथियमचा खोका चढवायचा नाही, संपलं.

पण खरं सांगू का, रॅम्पवर लिथियमचा धोका कार्गोतून कमी आणि गेटवर काढून घेतलेल्या केबिन बॅगांतून जास्त येतो. विमान फुल असतं, वरचे बिन भरले, दारातून पंधरा-वीस बॅगा खाली पाठवतात, आणि त्या आपण होल्डमध्ये टाकतो. या बॅगा पॅसेंजरने केबिनसाठी भरलेल्या असतात, त्यामुळे पॉवरबँक आणि सुट्ट्या बॅटऱ्या त्यातच. आणि ह्या वस्तू चेक-इन बॅगेत चालतच नाहीत, फक्त केबिनमध्ये, १०० वॉट-अवरपर्यंत सरळ, १०० ते १६० एअरलाइनच्या परवानगीने, त्यावर नाहीच. (२०,००० एमएएच वाला पॉवरबँक ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर होतो, म्हणजे बहुतेकांकडे असतात ते केबिनमध्ये कायदेशीरच, होल्डमध्ये बेकायदेशीर.) बॅग घेताना वरच्या स्टाफने पॅसेंजरला विचारून बॅटऱ्या काढून घ्यायला लावायच्या असतात. तू खाली उभा आहेस, तुला बॅग उघडता येत नाही, पण बॅगा आणणाऱ्याला "विचारलंय ना?" एवढं विचारता येतं. मी दरवेळी विचारायचो, लोक वैतागायचे.

आता शेजार. डीजीमध्ये कोण कुणाच्या शेजारी बसतो यावर आख्खा तक्ता आहे आणि तो पाठ करायला सांगणारे ट्रेनर मला आवडत नाहीत, तक्ता भिंतीवर लाव आणि बघून कर. पण मागचं तत्त्व सोपं आहे, दोन्ही खोके गळाले तर एकमेकांत मिसळून काय होईल. ज्वलनशील द्रव म्हणजे क्लास ३ आणि ऑक्सिडायझर म्हणजे ५.१, दूर. पाण्याशी रिॲक्ट होणारा ४.३ आणि करोसिव्ह क्लास ८, दूर, कारण बरीचशी ॲसिडं पाण्यातच असतात. दूर म्हणजे शेजारी नाही, आणि गळून एकमेकांपर्यंत पोचेल अशा जागीही नाही. खाली ॲसिडचा कॅन आणि त्याच्या बरोब्बर वर दुसरा, तर कागदावर कितीही वेगळे लिही, ते शेजारीच आहेत.

१९७३ मध्ये बोस्टनला पॅन ॲमचं ७०७ मालवाहू पडलं, ३ नोव्हेंबर, तिघं गेले. नायट्रिक ॲसिडच्या बाटल्या लाकडाच्या भुशात पॅक केल्या होत्या. नायट्रिक ॲसिड नुसतं करोसिव्ह नाही, ऑक्सिडायझर पण आहे, लाकडाच्या भुशावर सांडलं की धूर आणि आग. म्हणजे तिथे शेजार चुकला तो खोक्याच्या आतच. त्यात काही खोके आडवे ठेवलेले होते. बाणाच्या खुणा असतात ना, ही बाजू वर वाल्या, त्या शोभेच्या नाहीत. बाटलीचं झाकण द्रवात बुडलेलं राहिलं आणि वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी झाला की द्रव झाकणातून वाट काढतो. म्हणूनच द्रवाच्या आतल्या पॅकिंगला साधारणपणे ९५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसावा लागतो, पण तो सोसेल हा भरवसा खोका सरळ उभा आहे या गृहीतावर धरायचा. बल्क होल्डमध्ये जागा कमी पडली की खोका आडवा बसतो हे मला पण माहितीये. बसत असला तरी बसवायचा नाही.

मग बांधणं. डीजी खोका हलता कामा नये, फिरता कामा नये, आणि त्याच्यावर सूटकेस कोसळता कामा नये. एकटा लहान खोका मोठ्या रिकाम्या होल्डमध्ये ठेवून वर "नेट लावली" म्हणणारे बघितलेत मी, दाराची नेट लावून मधला खोका कसा धरला जाईल? स्ट्रॅप लाव, नाहीतर साध्या मालाने चारही बाजूंनी घट्ट बसव.

ड्राय आइसला लोक डीजी समजतच नाहीत आणि तो रोज येतो. यूएन १८४५, क्लास ९. उणे ७८ च्या आसपास सरळ वायू होतो, तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून होल्डच्या तळाशी साठतो, आणि तळाशी कोण असतं तर पिंजऱ्यातलं कुत्रं आणि वाकून काम करणारा लोडर. एका होल्डमध्ये किती किलो चालेल हे विमानाच्या प्रकारावर आणि होल्डच्या व्हेंटिलेशनवर ठरतं, एअरलाइनच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, तो बघायचा, आणि प्राणी असतील तर त्याच होल्डमध्ये एकत्र टाकायच्या आधी दोनदा विचारायचं. खोक्याला वायू बाहेर जायला वाट पाहिजे, टेपने सीलबंद केलेला ड्राय आइसचा डबा म्हणजे फुटायची वाट बघणारा डबा. पोचल्यावर होल्डचं दार उघडलं की लगेच आत उडी मारू नको, थोडं थांब. माझ्याबरोबरचा एक जण असाच घुसला होता, दोन मिनिटांत डोकं जड झालं म्हणून बाहेर येऊन बसला, नशीब वेळेत आला. त्या फ्लाइटला फळांचे आणि माशांचे डबे होते, प्रत्येकात थोडा थोडा बर्फ, बेरीज कुणी केली नव्हती.

रेडिओॲक्टिव्हची उलटी तऱ्हा, तिथे लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. पिवळं लेबल दिसलं की "नको, पुढच्या फ्लाइटला" म्हणतात. अरे, त्यातला बराचसा माल हॉस्पिटलचा असतो. मॉलिब्डेनम ९९ चं अर्धायुष्य ६६ तास, त्याच्यापासून मिळणाऱ्या टेक्नेशियमचं ६ तास. तू एक दिवस थांबवलास तर तेवढा माल वाटेतच संपला. लेबलावर ट्रान्सपोर्ट इंडेक्स, म्हणजे टीआय (खोक्याबाहेर किती किरणोत्सर्ग येतो याचा आकडा) लिहिलेला असतो, पॅसेंजर विमानात एका खोक्याला ३ पर्यंत आणि पूर्ण विमानात मिळून साधारण ५० पर्यंत. आणि अंतर. टीआय १ पर्यंत ३० सेंटिमीटर, २ पर्यंत ५०, ३ पर्यंत ७०, हे अंतर खोक्याच्या वरच्या पृष्ठभागापासून केबिनच्या फ्लोअरपर्यंत मोजायचं. यातून लक्षात येईल की रेडिओॲक्टिव्ह खोका कायम खालच्या थरात, होल्डच्या फ्लोअरवर ठेवायचा, सामानाच्या ढिगाऱ्यावर सगळ्यात वर कधीच नाही. एकापेक्षा जास्त खोके एकत्र ठेवले तर टीआयची बेरीज धरायची. एवढं केलं की वर बसलेल्या माणसाची काळजी घेतली गेली, त्यापुढची भीती विनाकारण.

विषारी आणि संसर्गजन्य म्हणजे ६.१ आणि ६.२ खाण्याच्या मालापासून आणि प्राण्यांपासून लांब. मोठे मॅग्नेट कंपासपासून लांब. बॅटरीवाली व्हीलचेअर सरळ उभी, बॅटरीचे टर्मिनल झाकलेले, चुकून चालू होणार नाही अशी, आणि ती कुठे ठेवली हे कॅप्टनला सांगितलेलं पाहिजे.

आणि इथून नोटॉकवर येऊ, कारण माझ्या मते खरी चूक इथेच होते. नोटॉकवर लिहिलंय होल्ड ४, तू ऐन वेळी बॅलन्ससाठी किंवा जागा नाही म्हणून होल्ड २ मध्ये टाकला, लोडिंग इन्स्ट्रक्शनवर पेनने बाण मारला, लोड कंट्रोलला रेडिओवर सांगितलं, लोडशीट बदलली, नोटॉक मात्र तसाच. वर जाऊन होल्ड २ चा फायर लाइट लागला तर कॅप्टन नोटॉक बघेल आणि म्हणेल तिथे तर काही नाही. त्या कागदावर ड्रिल कोड असतो, त्यावरून क्रू ठरवतो की समोर काय आहे आणि काय करायचं, जमलं तर एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगतो की खाली फायर ब्रिगेडला कळवा विमानात काय आहे. चुकीचा नोटॉक त्या सगळ्यांना चुकीच्या जागी पाठवतो. ऑफलोड केलं तरी तेच, माल काढला पण नोटॉकवर राहिला तर उगाच भलत्याच कारणासाठी विमान वळेल. होल्ड बदलला की नोटॉक नवीन, कॅप्टनला परत दाखव, जुना परत घे. यात पाच मिनिटं जातात, जाऊ देत.

गळती दिसली तर? हात लावू नको, वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नको (हे सगळे करतात), लोकांना लांब कर, डीजीवाल्याला आणि सुपरवायझरला बोलव, आणि त्याच्या आसपास जे जे होतं ते पण बाजूला काढ, पॅसेंजरच्या बॅगा धरून. २००० मध्ये बीजिंगहून क्वालालंपूरला आलेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या ए३३० मध्ये कॅनिस्टर गळाले, डिक्लेअर केलं होतं एक निरुपद्रवी पावडर म्हणून, निघालं ऑक्झॅलिल क्लोराइड, जबरदस्त करोसिव्ह द्रव. माल उतरवणारे कामगार आजारी पडले आणि विमान इतकं खराब झालं की परत उडलंच नाही. कागद तिथेही ओके होता.

आता सुपरवायझरचं. तो वाईट माणूस नसतो, त्याच्यावर टर्नअराउंडचं (विमान वेळेत परत रवाना करायचं) प्रेशर असतं, ते मला पण होतं. त्याच्याशी वाद घालू नको, एकच ठोस गोष्ट दाखव. "सर, या कोपऱ्याला ओल आहे." "सर, हा ड्रम नोटॉकवर नाहीये." "सर, बाण खाली आलाय." मोघम "मला बरोबर वाटत नाही" म्हणालास तर तो भर म्हणेल, बोट ठेवून दाखवलंस तर तोही थांबेल, कारण आता त्यालाही दिसलंय. तरी भर म्हणाला तर डीजी ॲक्सेप्टन्सच्या माणसाला फोन लाव आणि त्याला खाली येऊन बघू दे. शंका असलेला खोका पॅसेंजर विमानात चढवायला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही, स्टेशन मॅनेजरलाही नाही.

आणि शेवटचं, उतरवताना. आपण सगळी अक्कल चढवताना वापरतो आणि उतरवताना खोके फेकतो. डीजी उतरवला की तो जिथे होता ती फ्लोअरची जागा टॉर्च मारून बघ, डाग, ओल, रंग बदललेला, पांढरी पावडर, काहीही. खोका वरून कोरडा दिसला तरी तळ ओला असू शकतो, आणि त्याच जागेवर तासाभरात पुढच्या फ्लाइटच्या बॅगा येणार असतात.